एक्केचाळिसावा गुण

माझ्या मावशीचा उजवा गुडघा वाकत नाही. जिना ती एकेक पायरी करत उतरते, आणि कुणी विचारलंच तर म्हणते, "पडले होते." बस्स, दोन शब्द. कशी पडले, कुठे पडले, पडायच्या आधी काय केलं, हे सांगायची तिला कधी गरज वाटली नाही, कारण ते सगळं वहीत लिहिलेलं होतं. मला आता त्या वहीपेक्षा तिच्या विश्वासाचाच जास्त राग येतो.

विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागे सामानघर आहे, तिथे तिनं चौतीस वर्षं नोकरी केली. चेंडूंत हवा भरायची, जाळ्या सांधायच्या, आणि मुलींच्या बास्केटबॉल टीमची मॅच असली की टेबलाशी बसून स्कोअर लिहायचा. चेंडू आपटून कमरेपर्यंत उडाला नाही तर ती तो मैदानावर जाऊच देत नसे. "हा चेंडू आहे की भोपळा?" म्हणायची आणि परत पंप मारायची. टीममध्ये येणारी प्रत्येक मुलगी तिला मावशीच म्हणे, त्यामुळे मला लहानपणी उगीच हेवा वाटायचा.

पण त्याआधी ती स्वतः खेळायची, आणि झकास खेळायची. तेव्हा विद्यापीठाची मुलींची टीमच नव्हती. सात जणी क्रीडा अधिकाऱ्यांकडे परवानगी मागायला गेल्या, तर ते म्हणाले, "महिनाभर टिकलात तर मिशी उतरवीन." तीन वर्षं टिकल्या. मिशी काही उतरली नाही. मुलं सातला यायची, म्हणून या सहाला यायच्या, स्वतः झाडू मारायच्या आणि तासभर खेळायच्या. जुनी चादर फाडून चार ते दहा असे नंबर पाठीवर शिवले होते. चार नंबर कॅप्टनचा. ती इतकी उंच की तिला सगळ्या शिडी म्हणत. माझी मावशी बुटकी, पण पायांवर गरगर फिरायची, म्हणून ती भिंगरी. तिचा नंबर सात. शिडी आणि भिंगरी म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणी. डबा एक, सायकल एक, आणि बुटांचा बरा जोडही एकच, तो ज्या दिवशी जी जास्त खेळेल तिला.

आता वहीचं सांगते. स्कोअर पेन्सिलीनं लिहायचा, मॅच संपली की पंचांनी सही करायची, आणि मगच त्यावर पेन फिरवायचं. या सात जणींची टीम मान्यताप्राप्त नाही म्हणून एकही पंच सही करत नसे. त्यामुळे त्यांच्या एकोणीस मॅचेस पेन्सिलीतच राहिल्या. पुढे ती वही मावशीच्याच कपाटात होती. चौतीस वर्षांत ती एका दुपारी बसून सगळं पेनानं गिरवू शकली असती. मी तिला म्हटलंही होतं. तर माझ्यावरच डाफरली, "सही नसताना पेन? वेड लागलंय का तुला?"

एकोणीसमधली एकच मॅच त्या जिंकल्या. शेवटची. शिडीचे पाच फाउल झाले होते, आणि पाच झाले की खेळाडू बाहेर. टेबलावरून लाल पाचाची पाटी वर होते आणि निघायचं. बाकड्यावर बसणारीनं स्कोअर लिहायचा हा त्यांचा नियम, म्हणून शिडीनं पेन्सिल हातात घेतली. समोरच्या टीमचे चाळीस, यांचे एकोणचाळीस, आणि घड्याळात काही सेकंद. भिंगरीनं चेंडू सोडला आणि त्याच क्षणी समोरची धिप्पाड मुलगी तिच्या गुडघ्यावर कोसळली. चेंडू आत गेला. एक्केचाळीस. शिडीनं त्या एक्केचाळिसाशेजारी टाकणारीचा नंबर लिहिला, सात, आणि मग धावत मैदानावर आली. दवाखान्यात ती रात्रंदिवस मावशीच्या उशाशी होती. म्हणाली, "भिंगरे, या टीमचा इतिहास कुणी लिहिलाच ना, तर पहिलं नाव तुझं असेल. शप्पथ."

पुढच्या वर्षी टीमला मान्यता मिळाली. त्या वर्षी त्या एकही मॅच जिंकल्या नाहीत, पण नाव झालं. मावशी पुन्हा कधी खेळली नाही. शिडी खेळत राहिली, शिकत राहिली, क्रीडा विभागाची प्रमुख झाली. मावशीला सामानघरातली नोकरी तिनंच लावून दिली, हे मी नाकारत नाही. मावशी तर ते उपकार उठता-बसता आठवायची.

यंदा टीमच्या मान्यतेला चाळीस वर्षं झाली. नवं कोर्ट बांधलं आणि त्याला शिडीचं नाव द्यायचं ठरलं. टीमचा इतिहासही तिनंच लिहायला घेतला. एक दिवस घरी आली, पेन्सिलीची वही मागितली. मावशी इतकी हरखली की वही नव्या कापडात गुंडाळून दिली. मला म्हणाली, "बघ, आठवण ठेवलीन माझ्या बाईनं."

पुस्तक कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी घरी आलं, सोबत वहीही परत आली. पुस्तकात तिसऱ्याच पानावर त्या मॅचच्या स्कोअरशीटचा फोटो होता. पण तारीख एका वर्षानं पुढची, मान्यतेनंतरची. सगळं पेनानं गिरवलेलं. कॅप्टनचे फाउल चार. आणि एक्केचाळिसाशेजारी नंबर होता तोही चार. खाली मथळा, 'पहिला विजय, कॅप्टनच्या शेवटच्या बास्केटमुळे.' मावशीचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, 'सामानघरातील कर्मचारी' अशा यादीत.

मावशीनं वही उघडली. मूळ पानावरही आता पेनाचा चार होता, खोडरबरानं तिथला कागद विरला होता, पण बोट फिरवलं की साताचा खळगा लागत होता. शिडीनं त्या दिवशी आनंदानं पेन्सिल फार दाबून धरली होती. मी शाळेत गणित शिकवते. आकड्यांची लबाडी बघून माझा तिळपापड झाला. मावशी मात्र नुसतंच बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "हा तिनंच लिहिला होता गं. तिच्याच हातानं."

दुसऱ्या दिवशी मी तिला शिडीच्या ऑफिसात घेऊन गेले. मावशीनं वही टेबलावर ठेवली. "शिडे, तुझे पाच फाउल झाले होते. तू बाकावर होतीस."

शिडीनं आधी दार लावून घेतलं. "भिंगरे, ती मॅच तशीही कुठेच धरली जाणार नव्हती. सही नाही, काही नाही. मान्यतेचं पहिलं वर्ष कोरडं कसं दाखवायचं? मी निदान तिला पुस्तकात तरी आणली."

"आणि मला?"

"तू नंतर खेळलीसच कुठे गं?" ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "तुझं नाव टाकून वाचणाऱ्याला काय कळणार होतं?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. मावशीनं वही उचलली आणि चालू लागली. मला वाटलं, ती कार्यक्रमाला जाणार नाही. गेली. पहिला स्कोअर तिनंच लिहायचा असं आधीच ठरलं होतं, आणि दिलेला शब्द मोडणं तिला जमत नाही.

नव्या कोर्टवर शिडीनं उद्घाटनाचा चेंडू टाकला. गेला आत. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक म्हणाला, "मावशी, लिहा, या कोर्टवरची पहिली बास्केट!" मावशीनं पेन उचललंच नाही. टेबलावरची लाल पाचाची पाटी उचलली आणि शिडीकडे तोंड करून वर धरली.

त्या सात जणींतल्या आणखी दोघी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना बरोबर कळलं. एकीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं, दुसरी टाळ्याच वाजवत राहिली. बाकी लोक हसले. शिडीचा चेहरा क्षणभर उतरला, मग तिनं माइक घेतला. "आमच्या मावशी आता थकल्यात," ती म्हणाली. "पण प्रेम बघा, अजून टेबल सोडवत नाही त्यांना!" चाळीस वर्षांत ती माझ्या मावशीला पहिल्यांदाच मावशी म्हणाली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी मावशीची पाटी वरच होती. शेवटी मीच जाऊन ती खाली घेतली.

आम्ही रिक्षानं घरी आलो. जिन्याशी मावशी माझा दंड धरून थांबली.

"मी पेनानं गिरवून ठेवायला हवं होतं गं."

"सही नसताना?" मी विचारलं.

"सही नसताना," ती म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.