मोडीतून वाचलेली भांडी

बोदवडच्या बाजारात भाऊंचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण भाऊ इतके इथले की भरीत कुणाकडचं चांगलं यावर माझ्याशी तावातावानं भांडतात.

स्टील नवं नवं आलं तेव्हा आसपासच्या गावांनी घरातलं तांबं-पितळ मोडीत देऊन चकचकीत डबे नेले. माझी आईसुद्धा हरखून गेली होती. भाऊ मोड घ्यायचे, पण भांड्यावर काही कोरलेलं असलं की ते भट्टीकडे पाठवायला त्यांचा हात धजायचा नाही. ते भांडं थेट माळ्यावर जायचं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या माळ्यावर चढले आणि बाई गं, गावच्या गाव तिथं धूळ खात पडलेलं! बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगनं कामगारांना दिलेले पेले. कबड्डीत जिंकलेली परात. एका गडव्यावर तर कोरलं होतं, ‘घरी वीज आली त्या आनंदाप्रीत्यर्थ’. दिवा लागला म्हणून गडवे वाटणारा तो कोण गृहस्थ असेल! मला त्याचा फार लोभ वाटला.

पुढे भाऊंच्या मुलाला दुकान नवं करायचं होतं, माळा पाडायचा होता. भाऊंनी आमच्या शाळेकडे एक खोली मागितली, या भांड्यांचं छोटं संग्रहालय करायला. त्यांना दुसरी कसलीच हौस नव्हती. संस्थेचे लोक म्हणाले, एक दिवस मांडून दाखवा, संध्याकाळी येऊन बघतो, मग ठरवू.

रविवारी आम्ही चिंच लावून सगळं लखलखीत केलं आणि शाळेच्या हॉलमध्ये मांडलं. गाव लोटलं. दुपारी एक म्हातारी अक्का आली, माहेर धुळ्याकडचं. एका तांब्यापाशी थबकली. तिला वाचता येत नव्हतं, पण काठावरचा पोचा तिनं बोटानं चाचपला.

“हाऊ तांब्या मनी मायना शे,” ती म्हणाली. “हातमा लेऊ का, भाऊ?”

मी कोरलेलं वाचलं. तिच्या माहेरच्या गावाचं नाव, तिच्या आईचं नाव. सासूनं तो परस्पर मोडीत दिला होता. अक्कानं तांब्या पोटाशी धरला आणि रडायलाच लागली. भाऊ म्हणाले, “घेऊन जा, अक्का. तुमचाच आहे.”

झालं! बातमी गावभर. ज्याला त्याला आपलं भांडं आठवायला लागलं. परात गेली, पेले गेले, गडवाही त्या गृहस्थाची नात घेऊन गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, संध्याकाळी दाखवणार काय? माझं कपाळ?” ते हसले आणि पुढच्या माणसाला भांडं कागदात गुंडाळून द्यायला लागले.

संध्याकाळी संस्थेचे लोक आले तेव्हा टेबलांवर दहा-बारा भांडी उरली होती. एकानं सगळीकडे नजर फिरवली. “एवढ्याशासाठी खोली कशाला, भाऊ?” तो म्हणाला. तसा वाईट माणूस नव्हता तो, पण मला त्याचा संतापच आला. भाऊ मात्र “खरं आहे तुमचं” म्हणाले आणि उरलेली भांडी पोत्यात भरायला वाकले.

दुकानाकडे परतताना मला राहवलं नाही. “इतकी वर्षं जपलंत आणि एका दिवसात वाटून मोकळे झालात. खोलीही गेली. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

भाऊंनी पोतं खाली ठेवलं, जरा दम घेतला.

“बाई, मी खोली मागत होतो, कारण मला वाटलं होतं, आता कुणी न्यायला येणार नाही.”