मामांनी पसंत केलेला मुलगा

आमच्या घराण्यात लग्नं जुळवण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. मीच घेतलं, आणि परत मागायची कुणाची हिंमत झाली नाही, एवढंच. माझं आजवरचं यश बघितलं तर कुठल्याही कंपनीनं मला केव्हाच घरी बसवलं असतं.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा मुलगा. चाकणला कंपनीत पर्मनंट, गावात स्वतःचं घर, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त तोंड उघडायचं नाही. मुलगी बघायला गेलो की हा चहाच्या कपात बघत बसायचा आणि बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणायचा, "बरी वाटली." मुलीला काय वाटणार? तिला मुलगा दिसलेलाच नसायचा, नुसती टाळू दिसलेली असायची. नकारांची आम्हाला इतकी सवय झाली होती की वहिनी परतीच्या रस्त्यावरच भाजी घ्यायला गाडी थांबवायच्या.

आणि मग आकुर्डीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर, एक मुलगी मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायला आली. कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला. संध्याकाळी माझ्याकडे चहाला उतरायची. त्यानंतर भाच्याला आत्याचा फार कळवळा यायला लागला. दर रविवारी हजर. माझ्या चाणाक्षपणाबद्दल एवढंच सांगते, की मला हे प्रकरण घरातली साखर लवकर संपायला लागल्यावर कळलं.

मी मुलीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आत्या, माझं हो आहे. पण मामा हो म्हणाले तरच. त्यांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही."

वडील लहानपणीच गेलेले, मामांनीच तिला वाढवलेलं. भुसावळजवळ त्यांचा केळीचा व्यापार. भाच्यानं आयुष्यात पहिल्यांदा जेवण टाकलं. "आत्या, मामा मला काही विचारतील का गं?" एवढं एक वाक्य तो आठवडाभर बोलत होता.

मी मामांना फोटो पाठवते म्हटलं, तर फोनवर उसळलेच. "फोटो नको! फोटोत सगळीच केळी पिवळी दिसतात." बरं, कापणी सुरू असल्यामुळे त्यांना इकडे यायला जमणार नव्हतं. आम्ही मात्र वहिनींच्या नवसासाठी काशीला निघणार होतो, आणि आमची गाडी भुसावळवरूनच जाणार होती. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, "मग झालं की! गाडी थांबते तेवढ्यात बघतो. घड बघायला मी कधी खाली बसत नाही."

"पण मामा, मुलगा ओळखायचा कसा?" दादानं विचारलं.

इथे मी फोन हिसकावून घेतला. "मामा, नारंगी टी-शर्ट. पाठीवर लिहिलंय, 'सुरक्षा प्रथम'. लांबूनसुद्धा चुकणार नाही."

सुरक्षा सप्ताहाला कंपनीनं वाटलेला तो टी-शर्ट. आमच्या पट्ट्यात कंपनीचं नाव छातीवर असणं म्हणजे काय हे इथल्या वधूपित्यांना विचारा. दादा तर खूश. "बेस केलंस. पोरगं कामाला हाय ते बी कळंल, वेगळं सांगाया नगं."

पुणे स्टेशनवर आलो आणि फलाट बघून वहिनी म्हणाल्या, "वन्सं, झेंडूचा बाजार भरलाय का हो?"

कंपनीचा वार्षिक शटडाउन. भाचा त्याच सुट्टीत आमच्याबरोबर निघाला होता, आणि त्याच सुट्टीत उत्तर प्रदेश-बिहारकडची अख्खी शिफ्ट आपापल्या गावाला निघाली होती. तोच टी-शर्ट सगळ्यांना मिळालेला, नवा कोरा, प्रवासात मळला तरी चालेल असा. जिकडे बघावं तिकडे सुरक्षा प्रथम. भाच्याला येणारा-जाणारा टाळी देत होता, "क्या भैया, आप भी बनारस?"

"बदल तो शर्ट," वहिनी म्हणाल्या.

"नाही नाही," मी म्हटलं, "मामांना नारंगी सांगितलंय. ती पोरं स्लीपरला आहेत, आपण एसीत. मामा आपल्याच डब्यापाशी येणार." खातं माझं असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

भुसावळ आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मनमाडपासून भाचा दारातच उभा होता, केस ओले करून भांग पाडून. गाडी थांबली. आम्ही सगळे उतरलो. मामा नाहीत. दादानं फोन लावला.

"मामा, कुठं हाय तुमी?"

पलीकडून मामांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, मी मुलाशीच बोलतोय! ठेवा फोन, वेळ कमी आहे!"

आम्ही मागे बघितलं. भाचा नव्हता. मामांना शोधायला तो पुढे पळाला होता. दादाच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. "गाठ पडली. बोलणं चाललंय. आता आपण मधी जायाचं न्हाई, पोरगं बुजंल."

ही आमची रीत. मुलगा-मुलगी बोलत असोत की मुलगा-मामा, थोरांनी लांब उभं राहायचं. दादानं चहा घेतला. मी वहिनींना म्हटलं, "बघा, बोलतोय. इतका वेळ बोलतोय म्हणजे बरंच बोलतोय." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. शिट्टी झाली, आम्ही समाधानानं चढलो, गाडी हलली. आणि डब्यांच्या आतल्या वाटेनं, लोकांच्या डोक्यांवरून, केळीचा एक अख्खा घड आमच्याकडे चालत आला. घडाखाली भाचा होता.

"काय म्हणाले मामा?" दादानं विचारलं.

भाच्यानं घड अलगद सीटवर ठेवला. "म्हणाले, धर रे, आणि आपटू नको."

"आणि?"

"आणि हे दिलं." त्यानं मूठ उघडली. दहाची नोट होती.

मग हळूहळू, एकेक शब्द ओढत, त्यानं सांगितलं. मामांचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते जिन्याजवळच थांबले होते. स्लीपरचा डबा त्यांच्यासमोर आला. दारात नारंगी टी-शर्ट. मामांनी त्यालाच धरलं आणि प्रश्न सुरू केले. हा धावत पोचला तेव्हा मुलाखत रंगात आली होती. "मी म्हटलं, मामा, मी... तर मामांनी मागं न बघताच घड खांद्यावर ठेवला. म्हणाले, ह्यांच्या डब्यात नेऊन ठेव."

"अरे, मग तू बोलायचंस ना!"

"ते बोलत होते, आत्या."

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मामा. दादानं घाबरून स्पीकरच लावला.

"मुलगा पसंत! एकदम पसंत! मराठी जरा कच्चं आहे, पण संस्कार बघा, वाकून पाया पडला. आजकाल कोण पडतं? विचारलं त्याची फटाफट उत्तरं. मी पोरीला आत्ता कळवतो."

दादा म्हणाला, "व्हय, व्हय," आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून खातं माझ्याकडे आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

पसंत झालेला मुलगा शोधायला मी आणि भाचा स्लीपरमध्ये गेलो. तो वरच्या बर्थवर पाय सोडून बसला होता. कंपनीत भाच्याच्याच लाइनवर काम करणारा निघाला.

"अरे, फलाटावर त्या बाबांशी काय बोललास?" मी माझ्या हिंदीत विचारलं, म्हणजे मराठीत, जरा मोठ्यानं.

"वो पूछते गए चाची, मैं बताता गया। कहाँ काम, कितनी तनखा, दारू पीते हो क्या। मुझे लगा कोई सर्वे है।"

"तुझी शादी झालीय का?"

"हाँ जी, दो बच्चे हैं।"

"मग ते सांगितलं नाहीस?"

"वो तो पूछा ही नहीं।"

परत आमच्या डब्यात आलो. दादा म्हणाला, आत्ता काही सांगू नका, परतताना उतरून समजावू. वहिनी म्हणाल्या, देवाचं दर्शन होऊ दे आधी. मला दोन्ही पटत होतं, कारण दोन्हींत फोन करायचा नव्हता. भाच्यानं मात्र दादाच्या हातातला फोन घेतला.

"मामा, मी केळी चढवणारा."

मग त्यानं अडखळत सगळं सांगितलं. घामानं त्याच्या टी-शर्टचा नारंगी रंग गडद झाला होता.

"म्हणजे तू तो?" मामा म्हणाले. "मी तुला दहा रुपये दिले."

"हो."

"घेतलेस का?"

"गाडी सुटत होती मामा. नाही म्हणायला वेळ नव्हता."

"अरे, पण मला तो दुसरा आवडलाय!"

"त्याचं लग्न झालंय. दोन मुलं आहेत."

"अरेरे," मामा म्हणाले. खरंच हळहळले. "मग आता तू काय म्हणतोस?"

भाचा आमच्याकडे बघतच नव्हता. "मी पुढच्या स्टेशनला उतरतो. परत येतो. तुम्ही नीट बघा, आणि मग नाही म्हणायचं तर म्हणा."

वहिनी म्हणाल्या, "अरे, काशी!" पण तोवर त्यानं पिशवी खाली ओढली होती. दादा म्हणाला, "जाऊ दे त्याला." पुढचं स्टेशन आलं तसा तो उतरला, आणि आम्ही तिघं, एक रिकामा बर्थ आणि केळीचा घड पुढे निघालो. घड अर्ध्या डब्यानं खाल्ला. वहिनींनी एकही तोंडात घातलं नाही.

काशीला देवळाच्या रांगेत असताना मामांचा फोन आला. दोन दिवस भाचा त्यांच्याकडेच होता. काय केलं असेल कोण जाणे, बोलला तर नक्कीच नसेल.

"बोलायला तो दुसराच बरा होता," मामा म्हणाले.

दादाचा चेहरा पडला. "व्हय."

"ह्याला मी सकाळी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर अजून यायचंय."

"व्हय, तसंच हाय ते."

"पण हा उतरून आला," मामा म्हणाले.

दादा थांबला. रांग पुढे सरकली, मागच्यांनी आम्हाला ढकललं. "मामा, मग व्हय समजू का न्हाई?"

"अहो, पोरीला मी कालच सांगून मोकळा झालो. तुम्ही तारीख काढा. कापणी झाल्यावरची काढा."