परीक्षेला बसलेले पाय

मी पायांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग चप्पल काढतो. एसटी स्टँडवर काढतो, लग्नाच्या पंगतीत काढतो. एकदा तर बँकेतल्या कॅशियरने काउंटरच्या आतून पाय वर केला होता! आता रोजच असं होत असेल तर किस्से जमणार नाहीत तर काय? मी काही ते शोधत फिरत नाही हो, मला बघून लोकच मोजे उतरवतात.

आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे गोंधळ नको. मी फिजिओथेरपिस्ट. महाडला एका क्लिनिकमध्ये नोकरी करते आणि राहते पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत, सासूबाईंबरोबर. नवरा महेश मस्कतला. मी पावलांच्या आजारांचा वेगळा कोर्सही केलाय, त्याला पोडिअ‍ॅट्री म्हणतात. पण तिकडच्या बोर्डाची परीक्षा पास झाल्याशिवाय परवाना नाही. परवाना नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर मी मस्कतला नाही! लग्न झाल्यापासून आमचा संसार मोबाइलच्या स्क्रीनवर चाललेला. त्यात ही परीक्षा तीनदाच देता येते आणि दोनदा मी आपटलेली. या वेळी नापास झाले असते तर विषयच संपला असता. हे सगळं त्याच तिसऱ्या खेपेचं.

* * *

पावलात सव्वीस हाडं असतात. पुस्तकात बघितली की सगळी ओळखीची वाटतात, पुस्तक मिटलं की एक जागेवर सापडेल तर शपथ! एका दुपारी सासूबाई पडवीत पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. मी बॉलपेन घेतलं आणि त्यांच्या डाव्या पावलावर एकेका हाडाचं नाव लिहून काढलं. त्यांना गुदगुल्या होत होत्या, पण हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या तशाच पोलादपूरच्या बाजाराला गेल्या. मासळीवालीने बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय गो वयनी, या वयात पायावर कुणाची नावं गोंदलीस?"

"गोंदण नाय गो, सुनेचा अभ्यास हाय. परीक्षा होईस्तवर धुवायचा नाय!"

धुवायचा नाही असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण बाईने दोन दिवस डावा पाय मोरीबाहेर धरून आंघोळ केली!

* * *

माझ्याबरोबर वर्षाही याच परीक्षेला बसली होती. ती खेडची, क्लिनिकमध्ये माझ्याच टेबलाला टेबल लावून बसते. एका रविवारी तिने डोकं चालवलं. म्हणाली, "सवला जाऊ या. गरम पाण्याच्या कुंडांवर लोक पाय धुऊन बसलेलेच असतात. आयते पाय!"

गेलो. काठावर बसून आमचं सुरू. हा सपाट पाय, त्याची कमान उंच, ह्याचा अंगठा आत वळलाय. एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी आपल्या चपला उचलून मांडीखाली घातल्या.

"काय बघताय गो पोरींनो? चपला माज्याच हायेत."

वर्षा घाईघाईने म्हणाली, "अहो आजोबा, चपला नाही, आम्ही तुमचा पाय बघतोय."

"तोपण माजाच हाय!"

* * *

पाय सपाट आहे की नाही हे बघायची सोपी युक्ती म्हणजे पाय ओला करून ठसा घ्यायचा. घरातल्या फरशीवर ठसा दोन मिनिटांत सुकतो. म्हटलं, ठसा टिकेल अशी जागा कुठली? तर समोर सासूबाईंनी सकाळी सारवलेलं अंगण, अजून ओलंच होतं. मग काय! वाडीतली होती नव्हती ती सगळी माणसं बोलावली आणि ओळीने चालवली. असे काही सुरेख ठसे उठले म्हणता, मी वाकून वाकून फोटो काढतेय, तेवढ्यात सासूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या.

"अगो बाय माजे! सकाळपासून कंबर मोडून सारवलं ना मी! अंगण हाय का जत्रेचं मैदान?"

माणसं पळाली. मी मान खाली घालून उभी. त्यांनी कळशी खाली ठेवली, सगळ्या ठशांवरून एक नजर फिरवली, मग चप्पल काढली आणि अंगणाच्या मधोमध चांगला दाबून पाय उमटवला.

"माजा कसा हाय?"

* * *

क्लिनिकचे सर आमची तोंडी परीक्षा घ्यायचे. खास त्यासाठी टाय लावून बसायचे, इंग्लिशमध्ये खाकरायचे. पण पहिला प्रश्न टाचदुखीचा, दुसरा टाचदुखीचा, तिसरा टाचेच्या व्यायामाचा! आठवडाभर हेच चाललं तेव्हा मी वैतागून विचारलं, "सर, पेपर काय फक्त टाचेवर येणार आहे का?"

"पेपरचं मला काय माहीत?" सर म्हणाले. "मला सकाळी उठल्यावर टेकवत नाही."

* * *

पावसाळ्यात एकदा वर्षा खेडहून येताना कशेडी घाटात अडकली. दरड आलेली, पुढे मागे ट्रकच ट्रक. बसमध्ये बसून करायचं काय, म्हणून हिने पुस्तक उघडलं. शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं कसलं पुस्तक, हिने सांगितलं पायाचं. झालं! त्याने बूट काढला. त्याचं बघून मागच्याने काढला. छत्र्या धरून ड्रायव्हरांची रांग लागली आणि आमची वर्षा एसटीच्या पायरीवर बसून क्लच दाबून दाबून दुखणारे पाय तपासतेय!

दोन तासांनी दरड बाजूला झाली, पोलिसाने शिटी मारली. पण एसटीच्या पुढचा ट्रक काही हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. पोलीस धावत आला, तर केबिन रिकामी आणि ड्रायव्हर एसटीच्या दारात एका पायावर उभा.

"गाडी काढ ना रे! रस्ता मोकळा झाला!"

"थांबा हो साहेब, एवढा वेळ रांगेत कशाला उभा राहिलो? माझा डावा बघायचा राहिलाय!"

* * *

लेखी पेपर बरा गेला. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा, ती व्हिडिओवर. परीक्षक बाई तिकडे मस्कतला, मी इथे पडवीत, आणि समोर तपासायला एक खरा माणूस हवा. घरातला चालेल, पण डॉक्टरकीतला नको. म्हणजे सासूबाईच! त्या नवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या, पाय घासून घासून लाल केलेले.

तपासणी साधीच होती. साखरेच्या आजारात पायाची जाणीव जाते, ती आहे का बघायची. पेशंटने डोळे मिटायचे. मी नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवायचा. लागला तर त्याने 'हो' म्हणायचं. मध्येच मी दोरा न लावताच विचारायचं, म्हणजे पेशंट खरं सांगतोय की नाही ते कळतं. हे शेवटचं मात्र पेशंटला आधी सांगायचं नसतं.

अंगठ्याला दोरा लावला. "लागला?"

"हाय!"

टाचेला लावला. "हाय!"

मग दोरा हवेतच धरून विचारलं, "आता?"

"हाय! चांगला लागला!"

परत हवेत धरला. "हाय!" मी मनात म्हटलं, संपलं, मस्कत गेलं. स्क्रीनवर परीक्षक बाई पुढे झुकल्या. इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "तुम्ही तर हातच लावला नाहीत. पेशंट काय म्हणतायत?"

भाषा कळली नाही तरी सूर कळला असणार. सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि थेट मोबाइललाच सुनावलं, "लागू दे नायतर नको लागू दे, मी हायच म्हणणार! पोरीला पास करा. तिचा नवरा तिकडं एकटा हाय."

मला रडू येत होतं आणि हसूही. खोटं कुठे सांगू? मी शब्दन् शब्द इंग्लिशमध्ये सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. तुमचं निदान?"

"पायांची जाणीव शाबूत असावी, पण पेशंटवर विश्वास ठेवता येत नाही. सगळी तपासणी परत करावी लागेल."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "करा," म्हणाल्या, "आणि या वेळी त्यांना समजावून सांगा."

समजावलं. परत केली. या खेपेला सासूबाई एकदम खरं बोलल्या, तोंड पाडून.

निकाल आला त्या दिवशी मी पास! महेश फोनवर नुसता ओरडत होता. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, माझ्या हातावर साखर ठेवली. मी म्हटलं, "आई, तुम्हीपण चला ना मस्कतला." तर म्हणाल्या, "येडी काय गो? म्हशीला कोण बघंल?" आणि पडवीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

मी नमस्काराला वाकले. त्यांनी दोन्ही पाय पुढे केले आणि डोळे मिटून घेतले. मी पायांना हात लावला, डोकं टेकवलं. त्यांनी पाय मागे घेतलेच नाहीत.

"आई, झाला की नमस्कार."

"मला नाय लागला," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "परत कर."