बिनझाकणाची पेटी

माझा दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. हातात कसब आहे, डोक्यात मात्र भुसा. तीस वर्षं काडतुसांच्या जुन्या लाकडी पेट्या गोळा करत बसला. घरात पाय ठेवायला जागा नाही; वहिनी बिचारी कपडेसुद्धा पेट्यांतच ठेवायची. नवी पेटी आली की हा ती धुणार नाही, कोरड्या ब्रशने धूळ झटकणार आणि भिंग लावून तिच्यावरचा आकडा वाचणार. पेटीचा आणि झाकणाचा आकडा एकच हवा, नाहीतर पेटी खोटी, हे त्याने आम्हाला शंभरदा ऐकवलंय.

मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाबा गेले त्या दुपारी हा भंगारवाल्याकडे पेटी बघत होता. बाबांचे डोळे दाराकडे लागलेले. संध्याकाळी उगवला तो काखेत गोणपाटात गुंडाळलेली पेटी घेऊन. मी दारातच म्हटलं, त्या पेटीसकट चालता हो. तो पेटीसकट चालता झाला. अकरा वर्षं बोलणं बंद. हट्टात आम्ही एकाच बापाची लेकरं.

बाबा दारूगोळ्याच्या कोठारात हमाल होते. निवृत्त होताना त्यांना एक रिकामी पेटी मिळाली होती. घर बदलताना ती हरवली, झाकण तेवढं उरलं. त्यावर डागलेला आकडा, ४१७३. त्या पेटीसाठी ते शेवटपर्यंत हळहळले.

झाकण माझ्याकडे आलं. दादाने वहिनीकरवी तीनदा मागितलं. मी त्यावर भाजी चिरायला लागले, मुद्दाम आकड्याच्या बाजूने. रोज. बरं वाटायचं.

परवा तो स्वतः आला. लहान घरात जातोय, पेट्या सगळ्या देऊन टाकल्या, एकच ठेवलीय, झाकण दे, म्हणाला. मी ते त्याच्यापुढे ओट्यावर आपटलं. नुसते सुरीचे चरे, आकड्याचा मागमूस नाही. त्याने त्यावरून बोट फिरवलं. मग काखेतलं गोणपाट सोडलं.

तेच गोणपाट. पेटीवर ४१७३.

मी आकडा पुन्हा वाचला.

"तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

मी झाकण पेटीवर ठेवलं. चपखल बसलं. त्याने ते उचलून परत ओट्यावर ठेवलं.

"राहू दे. तुला भाजी चिरायला लागेल," म्हणाला, आणि पेटी घेऊन जिना उतरला.