दाणा गळायच्या आत

इंदूबाई कर्जतच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. पोरांना बेडूक चिरून दाखवणं वेगळं आणि पुण्याच्या शास्त्रीय त्रैमासिकात लेख छापून येणं वेगळं, असं सारे म्हणत. तरी अडुसष्ट सालच्या मार्गशीर्षात त्यांनी लेख पाठवलाच. विषय देवभात. ना नांगर, ना पेरणी, तळ्यात आपसूक उगवतो, म्हणून ऋषिपंचमीला आपल्याला चालतो, तोच. भिवपुरीजवळच्या तळ्यात त्याच्या दोन जाती आहेत, असं बाईंचं म्हणणं. पुस्तकांत मात्र एकच.

हे त्यांना दाखवलं तळ्यात देवभात गोळा करणाऱ्या गौराबाईनं. देवभाताचा दाणा पिकला की लागलीच गळतो, म्हणून बायका तो कच्चा असतानाच लोंब्यांच्या लांब कुसळांना गाठी मारून ठेवतात. गौराबाई काही लोंब्या बांधी, काही सोडून देई. का, तर म्हणे, "ती आखूड कुसाची वेगळी हाय बाई. तिला गाठच बसत नाय." तीन वर्षं गुडघाभर पाण्यात उभं राहून बाईंनी ते पडताळून पाहिलं होतं.

पौषात पुण्याहून कार्ड आलं, लेख पोचला, दोन परीक्षकांकडे तपासायला दिला आहे. मग चैत्र गेला, ज्येष्ठ गेला, श्रावण लागला. पुण्याहून अक्षर नाही. त्यातच बातमी आली की मालक दिवाळीनंतर तळं बुजवणार. परीक्षकांनी पुढं काही पुरावा मागितला, तर तो आणायचा कुठून?

हेडमास्तर म्हणाले, "संपादकांना विचारायचं नसतं बाई. चिडले आणि लेख साभार परत आला तर?"

घरी बाईंच्या सासूबाई धोंडूबाई तांदूळ निवडत होत्या. हे ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोरगी दाखवून आठ महिनं झालं आन् होय नाय काय कळवत नाय, तर बाप विचारायला जातोच की गं! भांडू नको, रडू नको. नुसतं विचार."

बाईंनी आधी दोन पानं लिहिली होती, त्यांत पाय कुजले, जळवा लागल्या, सगळं होतं. ती फाडली. पाच ओळी लिहिल्या. लेखाचं नाव, पाठवल्याची तारीख, कार्डावरचा क्रमांक. परीक्षण कुठवर आलं? शंका असल्यास लोंब्या फुलायच्या आत कळवाव्यात, तळं दिवाळीनंतर बुजणार आहे.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. रागाचा शब्द नाही. एका परीक्षकांचं मत मार्चमध्येच आलं होतं, दुसऱ्यांची वाट पाहत कागद थांबले, दिलगीर आहोत. मत असं, की ही दुसरी जात नसावी, शेतातल्या भाताशी झालेला संकर असावा. फुलण्यापूर्वी लोंब्या झाकाव्यात, म्हणजे बाहेरचा पराग लागणार नाही, तो दाणा पुढल्या वर्षी पेरावा; संकर असेल तर रोपं सरमिसळ येतील, सगळी तशीच आली तर लेखाचा विचार करू.

"म्हंजे आणखी वरीस?" धोंडूबाई म्हणाल्या.

"वर्ष तर वर्ष. पण झाकायचं ते आत्ताच, आई."

जुन्या धोतराच्या चाळीस पिशव्या शिवल्या. रविवारी बाई आणि गौराबाई तळ्यात उतरल्या. गौराबाई हसून हसून बेजार. "अगं बया, लोंबीला घुंगट! नवरीवानी मिरवा आता हिला."

"हसा तुम्ही. पण दोरी सैल बांधा, देठ मोडेल."

गौराबाईनं एक देठ मोडू दिला नाही. नवरात्रात पिशव्या उतरवल्या. आखूड कुसाचे मूठभर दाणे मिळाले, लांब कुसाचेही थोडे. दिवाळी झाली आणि तळ्यात मातीच्या गाड्या रित्या होऊ लागल्या. बाई बघायला गेल्या नाहीत. त्यांनी दाणे दोन पुड्यांत बांधून डबीत घातले नि डबी देवघरात ठेवली.

पुढल्या आषाढात मागीलदारी चिखलाच्या दोन टाक्या केल्या, एकीत लांब कुसाचा दाणा, एकीत आखूड. संपादकांना दर तीन महिन्यांनी एक कार्ड, पाच ओळींचं. भाद्रपदात लोंब्या आल्या तेव्हा बाईंनी काही न सांगता गौराबाईला टाक्यांपाशी नेलं. तिनं एका टाकीत हात फिरवला, दुसरीत फिरवला. "ह्यातलं बांधा. त्यातलं नाय बांधता यायचं, सगळं आखूडच हाय."

"एकसुद्धा लांब नाही?"

"नाय गं. एक बी नाय."

बाईंनी लोंब्या कापून कागदात दाबल्या, नोंद लिहिली आणि त्याच दुपारी टपालात टाकल्या. लेख एकाहत्तरच्या चैत्रात छापून आला. खाली माहिती देणाऱ्याचं नाव होतं, गौराबाई, राहणार भिवपुरी.