पेटीच्या ठेक्यावर ओव्या

नवऱ्याच्या मित्राने आखातातून बॅटरीवर चालणारी छोटी पेटी आणली आणि आमच्या घरात दोन माणसांचं गायन मंडळ तयार झालं. नवरा पेटी वाजवी, मी जात्यावरच्या ओव्या गाई. बंधाऱ्यात जिवंत पुरलेली सून, माहेरच्या वाटेवर बुडालेली लेक, असल्याच. नवरा खालचा एक सूर दाबून धरी आणि ठेक्याचं बटण सुरू करी. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. माझी अडचण वेगळी होती. जात्यावर दम लागला की हात थांबतो, ओवीही थांबते. पेटी थांबत नसे.

देवळातल्या पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी पेटी मध्येच बंद पडेल, अशी नवऱ्याला धास्ती होती. त्याने गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं: पेटी नीट वाजू दे, दरवर्षी देवळातल्या सप्ताहात आम्ही नवरा-बायको सेवा करू. जमलेले पुरुष "होय म्हाराजा" म्हणाले. पेटी वाजली. मी अडकले.

पुढच्या वर्षी ओरोसच्या कचेरीत मला कारकुनाची नेमणूक मिळाली. हजर व्हायला एकच दिवस दिलेला, तोही नेमका आमच्या सेवेचा. आमचं गाव रेडीच्या बाजूला. ओरोसला जाऊन दुपारपर्यंत परत येणं शक्य नव्हतं.

"तुमी एकटे वाजवा," मी म्हटलं.

"दोघांचा सांगलंय देवाक."

"माका इचारलात?"

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "देवाचा मोडून खंय जातलंस गो? आमका हंयच रवाचा आसा."

"मग देवाकच इचारूया."

कौल लावायचं ठरलं. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मी मोकळी. उजवीचं टोक सुटलं, लोंबू लागलं. मी निघायची तयारी मनात केलीसुद्धा. तेवढ्यात डावी पडली.

परतताना नवरा म्हणाला, "आता मी काय करू, सांग!"

"फुडच्या वेळाक देवाकडे माझा नाव घेव नकात."

सेवेच्या दिवशी मी गायले. चांगलं गायले, असं सगळ्यांचं मत पडलं. ओरोसची जागा यादीतल्या पुढच्या बाईला गेली. माझं गाणं संपलं तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. पुरुषांतून कुणी ओरडलं, "वयनी, आणखी एक होवंदे!"

मी काही बोलायच्या आत नवऱ्याने मान डोलावली.