नाकात बोलणारा डबा

आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात एक रीत आहे. गाणं रंगात आलं की प्रेक्षकांतून कोणीतरी उठतो, नोट उंच धरून स्टेजवर चढतो आणि ज्याचं वाजवणं आवडलं त्याच्या हातात ती ठेवतो. गायक गाणं तसंच चालू ठेवून मध्येच देणाऱ्याचं नाव पुकारतो आणि मागे वाद्यं ठेका धरून राहतात. बक्षीस गायकाला मिळतं, ढोलकीला मिळतं, बँजोला मिळतं. एकदा अंबरनाथमध्ये जनरेटरवाल्यालाही मिळालेलं मी पाहिलंय. बेस गिटारला मिळालेलं अजून पाहायचं आहे. मी इतकी वर्षं बेस, म्हणजे ठेक्याखालचे जाड सूर, वाजवते आणि याचं मला काही वाटत नाही, असं सगळ्यांना सांगत आले. खोटं कशाला बोलू, वाटतं थोडं.

मी अंबरनाथची. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमचं घर. घरात मी आणि पप्पा, दोघंच. दिवसा एमआयडीसीतल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत वाजवते. भीमगीतं, बुद्धगीतं, हळदी, साखरपुडे, उल्हासनगरात सिंधी लग्नांचे संगीत. बोलावणं आलं की आमचा टेम्पो निघाला. पप्पा याच पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि मी कोरसमध्ये बसून टाळ्या. मग आमचा बेसवाला नोकरीसाठी नाशिकला गेला आणि पार्टीची बेस गिटार आमच्या घरी पडून राहिली. चारच तारा आहेत, चुकलं तरी कोणाला कळणार, असं म्हणून मास्तरांनी ती माझ्या गळ्यात घातली. ती काही उतरली नाही, आणि उतरावी असंही मला कधी वाटलं नाही.

मास्तर म्हणजे आमचे गायक आणि पार्टीचे सर्वेसर्वा. माणूस मनाने चांगला, पण तोंडाने असा की पुढच्याने पळून जावं.

पप्पांची बोटं आता धरतात, म्हणून ढोलकी सुटली. पण टेम्पोतली पुढची सीट अजून त्यांचीच, आणि कार्यक्रमात पहिल्या रांगेतली कडेची खुर्चीही त्यांचीच. तिथे ते डोळे मिटून बसतात आणि उजव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरतात. घरी जाताना मी विचारते, "ऐकू आलं का?" ते एका वाक्यात काय ते सांगतात. "दुसऱ्या गाण्यात घाई केलीस." "आज बरं होतं." यापुढे कौतुक नाही. सगळी उमर ढोलकी बडवलेल्या माणसाला शब्दांची फारशी गरज पडत नसावी.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांचं वाक्य एकच झालं होतं, "आज नव्हतीस."

कारण साधं होतं. पूर्वी आमचे स्पीकर बेताचे असायचे. आता मंडपवाले कपाटाएवढे स्पीकर आणतात, त्यावर इलेक्ट्रॉनिक ढोलांचा ऑक्टोपॅड धाडधाड वाजतो, आणि माझी जुनी गिटार साउंडवाला आपली सरळ मिक्सरला खोचून मोकळा होतो. त्या दणदणाटात माझा आवाज कुठे जायचा ते देवच जाणे. मी घाम गाळून वाजवत होते आणि वाजत काहीच नव्हतं.

एक दिवस रिहर्सलनंतर मास्तरांनी मला बाजूला घेतलं. शेजारी आमचा किबोर्डवाला पोरगा नव्या किबोर्डच्या वायरी गुंडाळत होता.

"ताई, राग मानू नको. याच्या नव्या किबोर्डमध्ये डाव्या हाताला बेस येतो. गाडीत एक माणूस कमी झाला तर बरं पडतं ना. शिरगावचा बुद्धपौर्णिमेचा प्रोग्राम कर, मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. किबोर्डवाला खाली बघून म्हणाला, "ताई, मेरा कुछ नहीं है यार, मास्तरच बोलले." त्याच्यावर मला रागही धरता आला नाही. घरी आले आणि पप्पांना काही सांगितलं नाही. पातेली मात्र जरा जोरात घासली.

पार्टी सुटली तर सुटली, नोकरी आहे, असं मनाला समजावून पाहिलं. जमेना. आठवडाभर नट-बोल्ट मोजायचे ते कशाच्या जोरावर, हे माझं मला ठाऊक होतं.

मग कोणीतरी सांगितलं की प्रीअँप घे. हा एक लहान डबा असतो. गिटार आणि मिक्सरच्या मध्ये तो जमिनीवर ठेवायचा. गिटारच्या अशक्त आवाजाला तो बळ देतो, आणि जाड, मधला, पातळ असे आवाज वेगवेगळ्या बटणांनी कमीजास्त करता येतात. पायाने दाबायचा एक खटकाही असतो, गिटार बदलताना किंवा तारा लावताना आवाज पूर्ण बंद करायला. मी मोबाईलवर या डब्यांचे व्हिडिओ पाहायला लागले आणि पाहतच राहिले. परदेशातली दाढीवाली माणसं एकेका बटणावर तासभर बोलतात. साड्यांच्या दुकानातही मी कधी इतकी रमले नसेन.

उल्हासनगरात एक सिंधी शेठ वाद्यांचं दुकान चालवतात. पप्पांच्या ढोलकीच्या दोऱ्यांपासूनचं आमचं येणंजाणं. त्यांनी काउंटरवर तीन डबे मांडले. एक नवाकोरा, चकचकीत. एक साधा. आणि एक सेकंडहँड, रंग उडालेला, कोपऱ्यात ठेच खाल्लेला.

मी गिटार लावली आणि मला येतं तेवढं सगळं वाजवून घेतलं. नव्या डब्यातून जो आवाज आला तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खाली भरदार, वर स्वच्छ, मध्ये काही टोचत नाही. सेकंडहँड डबा मात्र बोलला आणि आम्ही दोघंही हसलो.

"ताई, ये तो नाक से गाता है," शेठ म्हणाले. "सर्दी झालेला आहे. नवा घ्या, मक्खन है. नहीं जमा तो वापस, तुमच्याशी काय हिशोब."

मी मक्खन घेऊन घरी आले. रात्रीचं जेवण झाल्यावर हेडफोन लावून बसायचे आणि एकेक बटण केसभर फिरवायचे. व्हिडिओतल्या दाढीवाल्यांनी सांगितलं होतं की मधला आवाज कमी करा, म्हणजे सूर गुळगुळीत होतो. मी तो पार खाली नेला. काय सांगू, माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर कधी वाजले नव्हते. पप्पांच्या कानालाही हेडफोन लावला. "छान आहे," म्हणाले आणि काढून ठेवला. माझ्या मते हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार होता.

त्याच आठवड्यात बदलापूर गावात हळद होती. डबा पायाशी ठेवून, नवी नवरी मीच असल्यासारखी मी उभी राहिले. पहिलं गाणं सुरू झालं, ऑक्टोपॅड पडला, ढोलकी मिसळली, बँजो चढला, आणि माझं लोणी त्या तव्यावर कुठे विरघळलं ते कळलंच नाही. मी बटणं फिरवली, जोरात वाजवलं, बोटाची साल निघाली. काही नाही. मंडपाच्या कडेला बसलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

"ती बाय काय करतंय गो तिथं? आयकाला त काय येत नाय."

मास्तरांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं. त्यांना वाईट वाटत होतं. टेम्पोत बसल्यावर मी पप्पांना विचारलंच नाही. त्यांनीच सांगितलं.

"आज नव्हतीस. आणि घरी ऐकवलंस ते काय होतं मग?"

ते खोचकपणे बोलले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. माझ्याही डोक्यात तो बसला. स्टोअरमध्ये माल काढता काढता मी त्याचाच विचार करत होते. घरी मी एकटी वाजत होते. एकटीसाठी जे गोड, ते मी निवडलं. पण मी एकटी कधी वाजते? माझ्या डोक्यावर ढोलकी, ऑक्टोपॅड, बँजो आणि मास्तरांचा गळा असतो. खालचं सगळं ढोल खाऊन टाकतात, वरचं बँजो खातो. मधे कुठेतरी एक फट राहते, आणि नेमका तिथलाच माझा आवाज मी माझ्या हाताने तोडून टाकला होता. कपडे ट्रायल रूममध्ये घालून बघावेत तसा मी बेस बघितला होता. इतक्या वर्षांनी ही चूक करायला माझ्यासारखीच शहाणी लागते.

शनिवारी मी परत शेठच्या दुकानात गेले. या वेळी मोबाईलमध्ये आमच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं, फाटका आवाज, शिट्ट्या, सगळं आलेलं. ते मी दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितलं.

"इतना बडा?" शेठ म्हणाले.

"आणखी मोठा. मंडपात असतो तेवढा."

रस्त्यावरची माणसं डोकावून जायला लागली. त्या गोंधळात मी आधी नवा डबा लावला. बेपत्ता. मग साधा लावला, तोही अर्धामुर्धा. मग सेकंडहँड लावला, तो सर्दीवाला. मधला आवाज तोडायचा सोडून उलट चढवला. आणि त्या दणदणाटाच्या मधोमध तो आला. गोड नव्हता, खरखरीत होता, बेडकाने घसा साफ करावा तसा. पण प्रत्येक सूर वेगळा कळत होता. ढोलकीच्या थापेला खालून कोणीतरी धरलंय असं वाटत होतं. शेठनी स्पीकर बंद केला तसं त्या डब्याचं एकट्याचं नाकातलं बोलणं उघडं पडलं, आणि आम्ही परत हसलो. मक्खन परत देऊन मी तो सर्दीवालाच घेतला, आणि मला आतून इतकं हलकं वाटलं की येताना मी शेवपुरी खाल्ली, तीही उभ्याने, गिटार पाठीला लावून.

घरी मात्र या वेळी मी हेडफोन लावलेच नाहीत. पप्पांनाही ऐकवलं नाही. ऐकून ते काय म्हणाले असते ते मला माहीत होतं.

शिरगावला सोसायटीच्या मोकळ्या जागेत मंडप होता. दिवे, पंचशील झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, खिरीचा वास. पप्पा आपल्या कडेच्या खुर्चीत. मी डबा पायाशी ठेवला, साउंडवाल्याला सांगितलं, "दादा, मेहेरबानी करा, तुमच्याकडचं काही फिरवू नका," आणि सुरू केलं. मला स्वतःला स्टेजवर नीट ऐकू येत नव्हतं. किबोर्डवाल्याचा डावा हात रिकामा होता, मास्तरांनी त्याला आज बेस नको म्हणून बजावलं होतं. मास्तर पुढे तोंड करून गात होते. म्हणजे मी आहे की नाही हे कळायला काही मार्गच नव्हता.

चौथं गाणं रंगलं. बायका-मुलांनी स्टेजपुढे फेर धरला. सोसायटीच्या कमिटीतले एक भारदस्त काका नोट उंच धरून स्टेजवर चढले, ढोलकीवाल्याकडे निघाले, आणि वाटेत माझ्या डब्यावर पाय ठेवून थांबले. खटका दाबला गेला. माझा आवाज बंद.

काका जागचे हलेनात. मास्तर आपलं नाव कधी पुकारतात याची ते वाट बघत होते, तेही खटक्यावर उभं राहून. मी मानेने खुणा केल्या, त्यांनी हसून मान डोलवली. शेवटी मी गिटार सांभाळत खाली वाकले आणि हाताने त्यांचा बूट सरकवायला गेले. काकांना वाटलं मी पाया पडतेय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बेटा."

वाकलेली असतानाच मी समोर पाहिलं. फेर विस्कटला होता. नाचणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत थबकल्या होत्या, काय झालं ते त्यांना कळत नव्हतं, पण पाय पडत नव्हते. ढोलकी चालूच होती, बँजो चालूच होता. मास्तर ओळ अर्धी सोडून मागे वळले होते आणि सगळी वाद्यं सोडून सरळ माझ्याकडे बघत होते. आणि कडेच्या खुर्चीत पप्पांचे डोळे उघडे होते. त्यांचा उजवा हात गुडघ्याच्या वर, हवेत, तसाच थांबलेला.

काका एकदाचे हलले. मी खटका दाबला आणि पुढच्या समेवर आत शिरले. पप्पांचा हात खाली आला.

सामान भरताना मास्तर माझ्याजवळ आले. मी वायर गुंडाळत राहिले.

"ताई, रविवारी उल्हासनगरला हळद आहे. तो तुझा खरखरणारा डबा विसरू नको."

इतकंच. "मग बघू"चं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. किबोर्डवाल्याने मात्र माझी गिटार आपणहून टेम्पोत चढवली. मला खूप आनंद झाला होता, आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही. खिरीचे दोन द्रोण मी एकटीने संपवले.

टेम्पो निघाला. पप्पा पुढच्या सीटवर, मी मागे सामानात, मध्ये जाळी. ऐकू आलं का, असं विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच मान मागे वळवली.

"मध्येच कुठे गेली होतीस गं?"